अकरा महिन्यांचं वर्ष

मुंबईत भाडेकरूचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. बारावा महिना खोकी बांधण्यात जातो.

माझी भाची परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. सात वर्षांत तिची पाच घरं झाली. आधी लालबागला एका आजींच्या खोलीत कॉट, मग कुर्ल्याला तिघींत मिळून एक खोली, घाटकोपरला डोंगरावरचा पोटमाळा, नंतर दिवा आणि आता नालासोपारा. दर वेळी एजंटला एका महिन्याचं भाडं, दर वेळी रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापलेले पैसे, आणि दर वेळी तेच प्रश्न: लग्न झालंय का, घरी मासे करता का, रात्री कामाला जाता म्हणजे नेमकं काय काम करता? रात्रपाळी लागली की ती खूश असते, कारण सकाळी परतताना विरारची गाडी रिकामी मिळते. दिवसपाळीच्या आठवड्यात ती पाचच्या आधी उठते आणि दादरला उतरेपर्यंत एका पायावर उभी असते.

तिला मुंबईत फ्लॅट घ्यायचा नाही. तेवढे पैसे तिच्याकडे नाहीत आणि पुढे कधी असतील असं तिला वाटतही नाही. रुग्णालयापासून अर्ध्या तासावर, पगाराच्या पाव हिश्श्यात बसेल आणि दहा वर्षं कुणी उठवणार नाही अशी एक खोली तिला हवी आहे. म्हाडाच्या सोडतीच्या अर्जात किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या यादीत या मागणीसाठी रकाना नाही.

मुंबईच्या घरटंचाईवर आपण इतकी वर्षं बोलतो आहोत. ही टंचाई मुळात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची आहे, आणि प्रत्येक प्रश्नाला मालकीचं घर हेच उत्तर देत राहून आपण ती वाढवत आणली आहे, असं माझं ठाम मत आहे.

२०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि तिच्यातली साधारण चाळीस टक्के माणसं झोपडपट्टीत राहत होती. त्याच जनगणनेत मुंबईतली साडेचार लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली. देशाचं चित्रही असंच. केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली शहरी भारतातली घरांची टंचाई १ कोटी ८८ लाख सांगितली. तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त टंचाई अल्प आणि अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. त्याच काळात शहरांमधून सुमारे १ कोटी ११ लाख घरं कुलूपबंद होती. या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. त्या १ कोटी ८८ लाखांत डोक्यावर छप्परच नसलेली कुटुंबं थोडी होती. जवळजवळ दीड कोटी कुटुंबांची अडचण दाटीची होती. दहा बाय बाराच्या खोलीत लग्न झालेला मुलगा, सून, आईवडील आणि कॉलेजला जाणारी बहीण. त्यांतल्या एका जोडप्याला चार गल्ल्या सोडून परवडणारी भाड्याची खोली मिळाली असती, तर ते कुटुंब टंचाईच्या यादीतून त्याच दिवशी बाहेर पडलं असतं.

घरांचा विषय निघाला की कुणीतरी लोंढ्यांवर येतं. बाहेरचे येतात म्हणून घरं पुरत नाहीत, त्यांना थांबवा. हा राग मी समजू शकतो, गिरणगावात वाढलेल्या कुणालाही तो समजेल. पण आकडे त्याच्या बाजूने उभे राहत नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या जेमतेम चार टक्क्यांनी वाढली, महाराष्ट्राची सोळा टक्क्यांनी. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ शहराची लोकसंख्या तर घटली, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. लोक मुंबई सोडून निघालेत. त्याच दशकात ठाणे जिल्हा लोकसंख्येत देशातला पहिला झाला. लालबाग-परळची माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. त्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले त्यांत माणसं कमी आणि चौरस फूट जास्त आहेत. लोंढे थांबवले असते तरी माझी भाची नालासोपाऱ्यालाच राहिली असती.

आता थोडं मागं जायला हवं, कारण मुंबई नेहमी अशी नव्हती.

माझे आजोबा राजापूर तालुक्यातून बोटीने आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि लालबागमधल्या एका चाळीचा पत्ता. ती खोली गावाची होती. गावमंडळाने भाड्याने घेतलेल्या त्या खोलीत तीस-चाळीस गाववाले राहायचे. भिंतीला लागून ट्रंका, वर दोऱ्यांवर कपडे आणि पाळीप्रमाणे झोप. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे. महिन्याला ठरलेली वर्गणी दिली की नवा आलेला मुलगा पहिल्या दिवसापासून मुंबईकर. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या, काही अजून आहेत. गोव्याहून येणाऱ्या खलाशांसाठी धोबीतलावाकडे कूड होत्या, त्याही याच जातीच्या. ते जिणं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. हवा नाही, एकांत नाही, बायकांना तर त्यात जागाच नाही. तरीही शहरात पाय टेकायला एक पायरी होती आणि ती गरिबाच्या खिशाला झेपणारी होती.

सरकारनेही भाड्याची घरं बांधली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दोन वर्षांनी शहर सुधारणेसाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) स्थापन झाला. या ट्रस्टने बांधली त्याहून पाडली जास्त, रुंद रस्ते काढले आणि गरिबांना आणखी दाटीत ढकललं, ही टीका खरी आहे. पण त्याच ट्रस्टने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं भाड्याने राहिले. परदेशी शिक्षण झालं, वकिली सुरू झाली, १९२७चा महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हा त्यांचा पत्ता त्या चाळीतल्या दोन खोल्यांचा होता. हिंदू कॉलनीतलं राजगृह नंतरचं. माफक भाड्याची, कुणी उद्या उठवेल अशी धास्ती नसलेली खोली माणसाला काय करू देते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पुढे १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघालं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून कामगारांसाठी ५०,००० गाळे बांधायचं ठरलं. झाले सोळा हजारांच्या घरात: वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला भाडं परवडेना म्हणून कितीतरी खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. या दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. भाड्याचं घर बांधणं सरकारला जमतं, आणि भाडं माणसाच्या कमाईकडे बघून ठरवलं नाही तर बांधलेलं घरही ओस पडतं.

मग हे सगळं थांबलं कसं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं वाढली, घरं वाढली नाहीत आणि भाडी भडकली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी ते योग्यच होतं. लाखो कुटुंबं त्यामुळे रस्त्यावर येण्यापासून वाचली, आमचंही त्यातलं एक. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा अर्धशतक तसाच राहिला. दुरुस्तीचा खर्च भाड्यापेक्षा जास्त झाला. मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली, खालून पागडीचा, म्हणजे खोलीचा ताबा देताना एकरकमी पैसे घेण्याचा, व्यवहार सुरू झाला आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणं हा धंदाच मुंबईतून उठला. पावसाळ्यात इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारती १९ हजारांहून जास्त होत्या. त्यांतल्या किती अजून टेकूंवर उभ्या आहेत हे गिरगाव किंवा डोंगरीतून चालत गेलेल्याला सांगावं लागत नाही. २०१७मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली.

इथे लोक घाईने दोनपैकी एक बाजू घेतात, मालक लुबाडले गेले किंवा भाडेकरू नशीबवान ठरले. मला वाटतं, चूक तिसरीकडे होती. गरिबाला स्वस्त घर देणं हे समाजाचं काम होतं. सरकारने ते स्वतःच्या तिजोरीतून केलं नाही, चाळमालकाच्या खिशातून करून घेतलं. ते किती काळ चालणार होतं? १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. १९९९च्या नव्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ आली आणि पागडीला मान्यता मिळाली. पण भाडेकरू कधीच निघणार नाही ही मालकाच्या मनातली भीती गेली नाही. अकरा महिन्यांची रीत त्या भीतीतून आलेली आहे. आज करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, त्याची नोंदणी करावीच लागते, तरी आकडा अकराच राहतो. भाडेकरूने मूळ धरू नये एवढाच त्याचा अर्थ.

साठच्या दशकापासून सहकारी सोसायटी आणि ओनरशिप फ्लॅट हाच मध्यमवर्गाचा रस्ता झाला. ज्याला तो परवडला नाही त्याने खाडीकाठी, डोंगरउतारावर, रेल्वेच्या कडेला पत्रे ठोकले. सरकारने आधी ते तोडले. १९७६मध्ये ट्रॉम्बेची जनता कॉलनी उठवून माणसांना चिता कॅम्पला नेलं. १९८१च्या ऐन पावसाळ्यात पदपथावरची घरं तोडली गेली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ साली सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कामाजवळ राहणं ही चैन नव्हे, पोटाचा प्रश्न आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथाकडे बघून मान्य केलं. त्याच निकालात योग्य नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली होती, ते प्रशासनाने जास्त लक्षात ठेवलं.

१९९५च्या निवडणुकीत ४० लाख झोपडीवासीयांना फुकट घरं देण्याची घोषणा झाली. म्हणजे साधारण ८ लाख घरं. बिल्डरने जागेवरच इमारत बांधून झोपडीधारकांना मोफत घरं द्यायची आणि उरलेल्या जागेवर वाढीव चटई क्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी) वापरून विक्रीचे फ्लॅट बांधायचे, अशी ती योजना. सरकारचा पैसा लागत नाही म्हणून ती सगळ्यांना आवडली. तीस वर्षं उलटली तरी त्या आठ लाखांच्या निम्म्यालाही आपण पोचलेलो नाही. कारण योजनेच्या रचनेतच आहे. गरिबाचं घर श्रीमंताच्या फ्लॅटच्या नफ्यातून निघणार, म्हणजे जिथे जमीन महाग तिथे बिल्डर धावत येणार आणि गोवंडी-मानखुर्दच्या दलदलीत, जिथे घराची गरज सगळ्यांत जास्त, तिथे कुणी फिरकणार नाही. बाजार पडला की प्रकल्प अडकतो. संक्रमण शिबिरात मुलांची लग्नं होतात, भाड्याचे चेक बंद पडतात, प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या आशयपत्राची झेरॉक्स पिवळी पडते.

या योजनेतला सगळ्यांत मोठा अन्याय मात्र फार थोड्यांना दिसतो. झोपडीत भाड्याने राहणारा माणूस तिच्यात कुठेच नाही. परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र लोकांच्या यादीत, नाव लागतं ते झोपडीधारकाचं, ठरावीक तारखेआधीचा पुरावा असलेल्याचं. वरच्या माळ्यावर सहा वर्षं राहणारं कुटुंब, कारखान्यातच झोपणारे जरीकाम करणारे तरुण, चार जणांत खोली घेऊन राहणारे डिलिव्हरी करणारे, हे कागदावर अस्तित्वातच नाहीत. इमारत झाली की झोपडीधारकाला फ्लॅट मिळतो आणि भाडेकरूला पुढची झोपडी शोधावी लागते, आणखी लांब, आणखी निसरड्या जागेवर. आपण एक झोपडपट्टी उठवतो आणि दुसरी पेरतो. धारावीच्या पुनर्विकासातही हेच होऊ घातलं आहे. २००० सालच्या आधीचे तळमजल्यावरचे पात्र लोक धारावीत राहणार, आणि बाकीच्यांसाठी, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसकट, धारावीबाहेरच्या जागा. त्यासाठी मुलुंडच्या मिठागरांपासून देवनारच्या कचराभूमीपर्यंत नावं पुढे आली. धारावीतला माणूस घर आणि कारखाना एकाच छपराखाली चालवतो. त्याला देवनारला घर दिलं तर त्याच्या चामड्याच्या पट्ट्यांचं गिऱ्हाईक तिकडे येणार आहे का?

चुकीच्या जागी दिलेलं घर काय करतं हे मुंबईने माहुलमध्ये पाहिलं आहे. तानसा जलवाहिनीच्या काठावरून हटवलेल्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. श्वासाचे, त्वचेचे आजार सुरू झाले. २०१९मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्यांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, दुसरं घर देईपर्यंत महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, आणि तिथल्या क्षयरोगाचं प्रमाण आणि अंधारी, कोंदट घरं यांचा संबंध अभ्यासातून दाखवला गेला आहे. ही सगळी घरं सरकारी खात्यात 'पुरवलेली घरं' म्हणून मोजली जातात.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आज जगात शंभर कोटींहून जास्त माणसं झोपडवस्त्यांत राहतात, जवळपास सगळी आपल्यासारख्या देशांत. नैरोबीच्या किबेरात बहुतेक सगळे भाडेकरूच आहेत. दक्षिण आफ्रिकेने १९९४नंतर लाखो घरं फुकट बांधून दिली, पण शहराच्या कडेला, नोकऱ्यांपासून लांब. मग त्या घरांच्या परसात पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, भाड्याने. मेक्सिकोने कर्ज देऊन शहरांबाहेर घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या, आणि येण्याजाण्याचा खर्च झेपेना म्हणून माणसं ती सोडून निघून गेली. उलट हाँगकाँगमध्ये १९५३च्या नाताळात शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागून पन्नास हजारांहून जास्त लोक एका रात्रीत बेघर झाले, तेव्हा सरकारने स्वतः भाड्याच्या इमारती बांधायला घेतल्या. आज तिथली तीस टक्क्यांच्या आसपास माणसं सरकारी भाड्याच्या घरात राहतात. सिंगापूरचं उदाहरण आपल्याकडे मालकीच्या घरांसाठी दिलं जातं. पण १९६०मध्ये तिथल्या गृहनिर्माण मंडळाने सुरुवात केली ती गरिबांसाठी भाड्याच्या छोट्या खोल्यांपासून, मालकीची योजना चार वर्षांनी आली. तेव्हा ही दोन्ही शहरं श्रीमंत नव्हती. फरक एवढाच की तिथे जमीन मोठ्या प्रमाणावर सरकारच्या हातात होती किंवा सरकारने ती घेतली, आणि घेतल्यावर सोडली नाही.

मुंबईच्या हातात जमीन आली होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला असा हिशेब होता. २००१मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि बांधकाम असलेली जमीन मालकाकडे राहिली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. सुमारे सहाशे एकरांतून शहराला आणि घरांना मिळालं ते किरकोळ. दीड लाखाहून जास्त गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले, बहुतेकांना मिळालं नाही. आता त्यांना कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीला जा म्हणतात. ज्यांच्या घामावर परळ उभं राहिलं त्यांच्या नातवाने रोज जाता-येता तीन तास लोकलमध्ये लटकून परळला कामाला यायचं. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडली आणि मेली, त्याला सगळ्यांनी रेल्वे अपघात म्हटलं. मी त्यांना घराच्या अभावाचे बळी म्हणतो. मुंबईच्या रेल्वेमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, तो घरातूनच येतो. माझे वडील म्हणायचे, भाड्याच्या घरात माणूस म्हातारा होऊ शकत नाही. त्यांचं खरं होतं. वरळीच्या बीडीडी चाळींत पोलिसांची सेवानिवासस्थानं होती. निवृत्त झाल्यावर कुटुंबं खोली सोडेनात, कारण जायचं कुठे? शेवटी पुनर्विकासात त्यांना पंधरा लाखांत मालकीचं घर देण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. त्या कुटुंबांना मी दोष देत नाही. पण या गोष्टीत एक धडा दडला आहे. हवालदाराला पोलीस ठाण्याजवळ घर हवं हे सरकारला कळतं, म्हणून पोलीस लाईन असतात. रेल्वे, बेस्ट, पोर्ट ट्रस्ट, महापालिकेचे सफाई कामगार, सगळ्यांसाठी क्वार्टर्स बांधल्या गेल्या. शहराला ज्याची गरज आहे त्याला शहरात जागा द्यावी लागते, हे तत्त्व आपण शंभर वर्षं पाळत आलो. फक्त ते नोकरीला बांधून ठेवलं. नोकरी संपली की घर संपलं. म्हणून माणूस मालकीसाठी जीव टाकतो. त्याला मालकी हवी असते ती उठवलं जाऊ नये म्हणून. ती शाश्वती भाड्याच्या घरातही देता येते, कायद्याने, म्हातारपणापर्यंत.

लॉकडाऊनमध्ये हे उघडं पडलं. एप्रिल २०२०मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना तीन महिने भाडं मागू नका, कुणाला काढू नका अशा सूचना दिल्या. चांगल्या होत्या. पण ज्यांच्याकडे कराराचा कागदच नव्हता, त्यांनी त्या दाखवायच्या कुणाला? त्याच आठवड्यात वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी जमली. मुंबई-नाशिक रस्त्यावरून, कसारा घाटातून चालत निघालेल्यांमध्ये बहुतेक भाड्याच्या खोल्यांत राहणारे होते. पगार बंद झाला आणि खोली गेली. ज्यांची स्वतःची झोपडी होती ते उपाशी राहिले असतील, पण थांबले.

भाडेकरू राजकारणातही दिसत नाही. खोलीमालक रेशनकार्डावर पत्ता लावू देत नाही, त्यामुळे मतदान कार्ड गावाकडचं किंवा दोन घरांमागचं. नगरसेवकाच्या यादीत तो नाही, म्हणून त्याच्या नावाने कुणी मोर्चा काढत नाही. राज्याच्या २०२५च्या गृहनिर्माण धोरणाचं नाव 'माझे घर, माझा अधिकार' असं आहे. नोकरदार महिलांसाठी, विद्यार्थ्यांसाठी भाड्याची घरं असा उल्लेख त्यात आहे, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण उल्लेखाने खोली उभी राहत नाही. २००८मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची मोठी योजना आणली होती. बिल्डरला चार चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम, देऊन घरं मिळवायची, तीही शहराबाहेर. ती घरं सांभाळणार कोण, भाडं गोळा कोण करणार, पंपाची दुरुस्ती कोण करणार, याचं उत्तर कुणी तयार ठेवलं नव्हतं. पुढे योजनेचं रूपच बदलून टाकलं. भाड्याची योजना फसते असं तिच्यावरून म्हणणाऱ्यांना मी विचारेन, ती नीट चालवून पाहिली कधी?

मला काय हवं ते सरळ सांगतो. सरकारच्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या हातात असलेल्या जमिनीचा तुकडा यापुढे विक्रीच्या फ्लॅटसाठी जाऊ नये. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीबद्दल तर मुळीच नाही. मुंबईत उरलेल्या थोड्या मोठ्या जमिनींपैकी ती एक आहे आणि परळ, शिवडी, वडाळा, भायखळा तिथून चालत गाठता येतात. चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवर छोट्या घरांसाठी वीस टक्के वाटा ठेवायचा नियम आहे. ती घरं सोडतीत विकली की एका कुटुंबाचं भलं होतं आणि घर कायमचं बाजारात जातं. म्हाडाच्या २०२४च्या मुंबई सोडतीत २,०३० घरांसाठी एक लाखाहून जास्त अर्ज आले. शंभर जणांमागे दोघांना लॉटरी आणि अठ्ठ्याण्णवांना पुढच्या वर्षीचा फॉर्म, याला मी गृहनिर्माण धोरण मानत नाही. तीच घरं महापालिकेने स्वतःकडे ठेवून भाड्याने दिली, तर तीस वर्षांत एका खोलीतून चार-पाच कुटुंबं उभी राहून पुढे जातील. भाडं कमाईच्या प्रमाणात, करार किमान पाच वर्षांचा, आणि दर महिन्याच्या भाड्यातला ठरलेला हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला, त्याला कुणी हात लावायचा नाही. १९४७नंतर चाळींचं जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून हा शेवटचा मुद्दा सोडता येणार नाही.

खाजगी मालकालाही सोबत घ्यावं लागेल. रिकाम्या फ्लॅटवर जास्त कर लावा, आणि जो मालक तीन-पाच वर्षांच्या नोंदणीकृत कराराने घर देईल त्याला मालमत्ता करात सूट द्या. वाद सहा महिन्यांत सुटेल अशी यंत्रणा द्या, म्हणजे त्याची भीती जाईल.

आणि चारकोप विसरू नका. १९८५मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने चारकोप, गोराईत घरं न बांधता छोटे भूखंड दिले. रस्ता, पाणी, गटार आणि जोता, बाकी ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. आज तिथे जाऊन पाहा. चौकाभोवती दोन-तीन मजल्यांची घरं, खाली दुकान, वर भाडेकरू. जमिनीची किंमत तेव्हा कुणी बाजारभावाने मोजली नाही म्हणून ते जमलं. त्या घरांतल्या वरच्या खोल्या आज कितीतरी तरुण जोडप्यांचं पहिलं मुंबईचं घर आहेत. मुंबईत आता एवढी जमीन उरलेली नाही, पण पनवेल, कल्याण, वसईकडे, जिथे आज परवानगी नसलेल्या इमारती रातोरात उभ्या राहतात आणि कोसळतात, तिथे हा मार्ग खुला आहे. २०१३मध्ये शिळफाट्याची बेकायदा इमारत पडून ७४ माणसं मेली. तिथे राहायला गेलेल्यांनी स्वस्त खोली शोधली होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

आजोबांची ती लालबागची खोली अजून आहे. चाळ आता पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डरच्या माणसाने आणलेल्या फॉर्मवर भाडेकरूचं नाव लिहायला एकच ओळ होती, आणि खोली तर अख्ख्या गावाची. विकून आलेले पैसे गावच्या देवळाला द्यावेत असं काहींचं म्हणणं पडलं. गणपतीत गावी मोठी बैठक झाली. तिथे ठरलं की नवा फ्लॅट मंडळाच्याच नावावर राहील, विकायचा नाही, आणि गावच्या मुलांना आधीसारखाच वर्गणीवर मिळेल. मग मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, त्यातल्या चार कॉट मुलींसाठी ठेवता येतील का? बराच वेळ चर्चा झाली. जुन्या लोकांना ते पटायला जड गेलं, पण नाही असंही कुणी म्हणालं नाही. ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे, शिमग्याला.